शेपूट राहिलेल्या स्वेटरची कृती

पाठ, दोन पुढे आणि दोन बाह्या विणून झाल्या की 'स्वेटर झाला' अशी बातमी घरभर होते. होऊ द्यावी. नवशिक्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की हत्ती गेला असला तरी शेपूट राहिले आहे, आणि ते हत्तीएवढे आहे.

साहित्य : विणलेले ५ तुकडे, बोथट टोकाची मोठी सुई, न गंजणाऱ्या टाचण्या, टेप, बटणे, दोन टर्किश टॉवेल, एक कॉट. सुई-टाचण्या-बटणे कोल्हापुरात महाद्वार रोडवर मिळतील. कॉट घरातच भांडून मिळवावी.

कृती :

१. आधी लोकर ओळखावी. दुकानदार सगळ्यालाच लोकर म्हणतो. धाग्याचा तुकडा पेटवावा. केस जळाल्याचा वास येऊन राख चुरली तर खरी लोकर. वितळून टणक गोळी झाली तर ॲक्रिलिक. त्यावर कडक इस्त्री फिरवली की वीण कायमची चपटी होते आणि बॉर्डर पुन्हा आवळत नाही.

२. खरी लोकर २० मिनिटे कोमट पाण्यात बुडवावी, मग टॉवेलात गुंडाळून दाबावी. पिळू नये, चोळू नये. लोकर आटून जाड होते. घोंगडीच हवी असेल तर ते काम सनगरांवर सोपवावे. चिंचोक्यांची खळ कशी द्यायची, हे ते जाणतात.

३. तुकडे कॉटवर सपाट पसरून, मापात ताणून, दर २-३ सेंटिमीटरवर टाचणी लावावी आणि सावलीत वाळू द्यावे. याला ब्लॉकिंग म्हणतात. दोरीवर टांगू नये. ओल्या वजनाने स्वेटरचा झगा होतो. नेमक्या याच वेळी शेजारच्या काकू येतात. "टाचण्या कशाला मारल्यास गं, पळून जातोय व्हय?" त्यांना चहा द्यावा. कॉटवर बसू देऊ नये.

४. आधी खांदे, मग बाह्या, मग बगलेपासून खाली अशी जोडणी करावी. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही काठांवरचे आडवे धागे आळीपाळीने सुईवर उचलावेत आणि चार-पाच टाक्यांनी धागा हळूच ओढावा. शिवण दिसेनाशी होते. आनंद आवरून, बाही उलटी तर लागली नाही ना, हे पाहावे.

५. बटणपट्टीसाठी काठावर दर ४ ओळींना ३ टाके उचलावेत. चारही उचलले तर पट्टी झालरीसारखी फुगते. काजे आधी, बटणे नंतर.

६. उरलेली टोके उलट बाजूने तिरकी ओवावीत. गाठ मारू नये. ती सुलट बाजूला येते आणि फक्त नणंदेला दिसते.

वेळ : महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते. त्याआधी संपवावे. न जमल्यास पहाटे गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाताना घालावा.

शंका : बाही चार बोटे आखूड राहिली तर? ओली करून थोडी वाढते. तरीही पुरली नाही तर स्वेटर उसवू नये, माणूस बदलावा. त्या मापाचे एक पोर प्रत्येक घराण्यात असते, आणि त्याला कोणी विचारत नाही.