आवतण दिलेला मुंजा

(पाटण. सकाळचा चहा, ओसरी. नातू पुण्याहून परीक्षा संपवून आलेला. आबा इथलेच, कोयना आणि केरा, दोन्ही नद्यांचे पूर पाहिलेले.)

नातू : आबा, जमलं! आज पहाटे जमलं!

आबा : काय? लगीन?

नातू : स्लीप पॅरालिसिस. झोपेतला लकवा. मुद्दाम आणला.

आबा : म्हंजी छातीवर मुंजा बसतो, त्ये? आरं, लोकं त्यो घालवायला लिंबं उतरून टाकत्यात, उशाला विळा ठेवत्यात. आन तू आवतण देतुयास?

नातू : मुंजा-बिंजा काही नसतं. स्वप्न पडताना मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खाटेवरून पळत सुटेल. डोळे आणि श्वास तेवढे चालू. कधीकधी आपण जागे होतो, पण आतली कडी निघायची राहते.

आबा : आन ती कडी तू हातानं लावलीस.

नातू : पाच तास झोपायचं, गजर लावून उठायचं, जरा जागायचं, मग उताणं पडून परत झोपायचं. नाक खाजलं तरी हलायचं नाही.

आबा : परीक्षेला कवा गजर लावला न्हाईस.

नातू : ऐका तर! जपानमध्ये १९९२ साली असाच प्रयोग झाला. १६ जणांना चार-चार रात्री मध्येच उठवून तासभर जागं ठेवलं.

आबा : मग?

नातू : सहा वेळा लकवा आला.

आबा : चौसष्टात सहा? त्यापरीस आमचं कोयनंचं हादरं भरवशाचं.

नातू : पण मला आलाच ना! आधी कानात घरघर, लांबून ट्रक यावा तशी. मग अंग थरथरायला लागलं. खाट हलतेय असं वाटलं.

आबा : (कप खाली ठेवत) किती वाजता?

नातू : चार वाजून गेले होते. मग मांडणीवरची भांडी वाजल्याचा भास. कौलांतली माती डोळ्यात पडल्याचा भास.

आबा : भास.

नातू : आणि दारात एक काळी आकृती! खोलीत कोणीतरी आहे असं लकव्यात जगभर वाटतं. न्यूफाउंडलंडात तर म्हणतात, म्हातारी येते.

आबा : म्हातारीच हुती.

नातू : तुम्हाला काय माहीत?

आबा : तुझी आज्जी. 'ऊठ मुडद्या, भूकंप झाला' म्हनून बोंबलत हुती. समदी आळी रस्त्यावर, आन तू पसरलेला.

नातू : मला हलता येत नव्हतं!

आबा : येत नव्हतं, का हललास न्हाईस?

नातू : ...प्रयोग बिघडला असता.

आबा : मंग त्यो कसला लकवा? मला इचार. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मी आठ वर्साचा. भिंत कलताना दिसतीया आन पाय उचलंनात. आईनं कानशिलात ठिवून दिली तवा सुटलं.

नातू : तो भीतीनं आलेला. हा झोपेतला, शास्त्रीय. (डोळा चोळतो.)

आबा : टोचतंय?

नातू : सकाळपासून.

आबा : भासच आसंल. आज परत करनार?

नातू : करणार.

आबा : कर. पर खाट अंगणात टाक. आन आज्जीला आदी सांगून ठिव, न्हाईतर ती भगताला घिऊन यील. त्यो चौसष्टात सहा करत न्हाई, दर खेपंला कोंबडं घेतोय.