मूळकाका

ठाण्यात टेंभी नाक्यावर संध्याकाळी सातला रिक्षा मिळत नाही, व्युत्पत्ती मिळते. रिक्षाच्या रांगेच्या तोंडाशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि काखेत खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक, अशा थाटात एक गृहस्थ उभे असतात. त्यांना कुठेच जायचं नसतं. रांगेतल्या लोकांना जायचं असतं, पण जाता येत नसतं. एवढ्या भांडवलावर त्यांचा वर्ग भरतो.

त्यांना आडनाव आहे, पण ते सोसायटीच्या बोर्डापुरतं. बाकी जगासाठी ते मूळकाका, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "याचं मूळ ठाऊक आहे का?" असं सुरू होतं आणि समोरच्याने "नाही" म्हणायची वाट न बघता पुढे जातं. रिक्षावाले आणखी एक पायरी खाली उतरले. काका लांबून दिसले की "मूळव्याध आली रे" म्हणतात आणि मिळेल ते भाडं घेऊन सटकतात. काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. स्टँडवर जाऊन त्यांनी विचारलं, "व्याध म्हणजे शिकारी आणि व्याधी म्हणजे रोग. तुम्ही मला यातलं नेमकं काय म्हणताय?" त्या दिवशी नाक्यावर बराच वेळ एकही रिक्षा हलली नाही.

हा नमुना काही टेंभी नाक्याची मक्तेदारी नाही. नौपाड्यात एक आहे, डोंबिवलीत फडके रोडला दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. बँक, एलआयसी किंवा मंत्रालय यांपैकी कुठून तरी निवृत्त झालेला, शाळेत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेला, वीरकरांच्या डिक्शनरीवर वाढलेला आणि ठाणे-व्हीटी प्रवासात इंग्रजी शब्दकोडी सोडवलेला हा पुरुष असतो. कोडी हे पहिलं व्यसन. नोकरीत तीस-बत्तीस वर्षं 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' यापलीकडे इंग्रजी लिहायची वेळ आलेली नसते. साठलेले शब्द तुंबतात, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बांध फुटतो.

यांच्यातही पंथ आहेत. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला असं मानणारा एक पंथ आहे. पु. ना. ओकांनी ख्रिश्चनिटीचं मूळ कृष्णनीतीत दाखवलं, तेव्हापासून या पंथाला कशाचीच भीती उरलेली नाही. दुसरा पंथ गोष्टीवेल्हाळांचा. बोटीत सावलीची केबिन जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे मिळावी म्हणून गोरे साहेब तिकिटावर चार अक्षरं मारून घेत आणि त्यावरून 'पॉश' शब्द निघाला, ही गोष्ट हा पंथ अजून सांगतो. असं एकही तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. आमचे काका तिसऱ्या, नोंदवाल्या पंथातले. छापील नोंद दाखवा, साल दाखवा, मग बोला. त्यामुळे ते पहिल्या दोघांपेक्षा जास्त विश्वासार्ह आहेत आणि जास्त असह्यही.

काखेतलं पुस्तक म्हणजे 'हॉब्सन-जॉब्सन'. कर्नल हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी जमवलेला, हिंदुस्थानात राहून बाटलेल्या इंग्रजी शब्दांचा हा कोश १८८६ साली निघाला. तो बघायला बर्नेल राहिला नव्हता, चार वर्षं आधीच गेला. हे सांगताना काकांचा आवाज घरचं माणूस गेल्यासारखा होतो. पुस्तकाचं नावदेखील एक बाटलेला शब्दच आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली "या हसन! या हुसेन!" ही आरोळी गोऱ्या शिपायांच्या तोंडी हॉब्सन-जॉब्सन झाली. जिथे देवी, चर्च, सिनेगॉग आणि अग्यारी हाकेच्या अंतरावर आहेत, त्या नाक्यावर हे पुस्तक घेऊन उभं राहण्यात एक औचित्य आहे. ते औचित्य रिक्षाच्या रांगेतल्या माणसाला दिसत नाही, हा भाग वेगळा.

काकांचा सिद्धांत असा, की इंग्रजी भाषा ही आपली थकबाकीदार आहे. त्यासाठी त्यांनी सावकारासारखी लाल चोपडी ठेवली आहे. मुंगूस नेला, मंगूस केला. वाटेत पोर्तुगीजांनी हात मारला. चिठ्ठी नेली, तिची चिट केली. डोंगरीचं जाडंभरडं कापड नेलं आणि त्याची डंगरी शिवली. नातीने मॉलमधून डंगरी आणली तेव्हा काकांनी किमतीची चिठ्ठी वाचली आणि खालीच बसले. "अगं, हे खलाशांचं आणि हमालांचं कापड! आपल्या डोंगरीचं! याला एवढे पैसे?" नात म्हणाली, "आजोबा, डोंगरीला ट्रायल रूम नसते."

'लूट' हिंदीतून गेली हे त्यांना पक्कं माहीत आहे. तरी ती त्यांनी मराठीच्या खात्यावर घातली आहे. विचारलं तर म्हणतात, "लूटच ती. कोणाकडून केली याला महत्त्व नाही."

चोपडीची उजवी पानं मात्र कोरी आहेत. आपण कोणाकडून काय उचललं याचा तिथे पत्ता नाही. पगार, चावी, पाव, बटाटा हे पोर्तुगीजांचं देणं. काका महिनाभर पेन्शनीवर जगतात, चावीने दार उघडतात आणि वडापाव खातात, पण हे चार शब्द त्यांनी चोपडीत घेतलेले नाहीत. मी एकदा विषय काढला. जमा, खर्च आणि हिशेब हे शब्दसुद्धा फारसी-अरबीतून आले. म्हणजे चोपडीच परक्याची झाली की! काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि देवळालीचा विषय सुरू केला.

देवळाली हा त्यांच्या चोपडीतला कोहिनूर. नाशिकजवळच्या देवळालीला १८६१ पासून गोऱ्या फौजेची छावणी होती. मुदत संपलेले सोजीर विलायतेच्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहत. बोटी निघत हिवाळ्याच्या महिन्यांत. ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली त्याच्या नशिबी उन्हाळा, धूळ, मलेरिया आणि रिकामपण. काहींचं डोकं फिरे. अशा माणसाला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. डूलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. पुढे ताप उतरला आणि नुसतं डूलॅली उरलं. इंग्लंडात वेडगळ माणसाला अजून तसं म्हणतात. ही कथा काका इतकी रंगवून सांगतात, की ऐकणाऱ्याची बस जाते. काकूंचं त्यावरचं मत थोडक्यात आहे. "त्यांना देवळालीपर्यंत जावं लागलं. आमच्याकडे घरबसल्या झालं."

बॉम्बे डकपाशी मात्र काकांची कुचंबणा होते. सुके बोंबील म्हणजे बॉम्बे डक. लोक सांगतात, की ते आगगाडीने डाकेबरोबर जात, डब्याला वास मारे, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि तिचं डक. आता ठाणेकर म्हणून काकांना आगगाडीला नाही म्हणवत नाही. १६ एप्रिल १८५३ ला दुपारी ३.३५ वाजता बोरीबंदरहून सुटलेली हिंदुस्थानातली पहिली पॅसेंजर गाडी आली ती ठाण्यालाच. बोंबलाच्या नावाचं श्रेय ठाण्याच्या रुळांना मिळत असेल तर कोण सोडेल? पण नोंद आडवी येते. बॉम्बे डक हा शब्द १८१५-१६ च्या सुमाराला एका इंग्रजी पद्य-पुस्तकात छापून आला आहे, म्हणजे गाडीच्या कितीतरी आधी. ठाणेकर आणि नोंदवाला यांच्यात काकांच्या छातीत जी मारामारी चालते ती बघवत नाही. शेवटी ते मधला मार्ग काढतात. म्हणतात, "गाडीमुळे नाव पडलं नाही. वास वाढला असेल."

चोपडी ठेवावी आणि गप्प बसावं, तर ते मूळकाका कसले? शब्द वापरात आणण्याचा त्यांना सोस आहे, आणि तिथेच घोटाळे होतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी लिफ्टच्या मोटरबद्दल बोलत होते. काका उठले आणि म्हणाले, "आपण अल्ट्राक्रेपिडेरियन आहात." सभेत शांतता पसरली. सेक्रेटरींनी हळूच शेजाऱ्याला विचारलं, हे रक्ताच्या रिपोर्टमध्ये येतं का? मग काकांनी मूळ सांगितलं. अपेलीज नावाचा ग्रीक चित्रकार होता. एका चांभाराने त्याच्या चित्रातल्या चपलेची चूक काढली, ती त्याने सुधारली. दुसऱ्या दिवशी चांभार चित्रातल्या पायाबद्दल बोलू लागला, तेव्हा चित्रकाराने त्याला चपलेच्या वर जाऊ नकोस असं बजावलं. त्यावरून १८१९ साली हॅझलिट या निबंधकाराने गिफर्ड नावाच्या टीकाकारावर हा शब्द फेकला. सभा विसर्जित झाली. लिफ्टचा ठराव पुढच्या वर्षावर गेला, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून काकांशी बोलत नाहीत.

त्याच आठवड्यात त्यांच्या न्हाणीघरातला नळ फुटला. प्लंबर पान्हा घेऊन खाली वाकला होता, पाणी हॉलपर्यंत आलं होतं, आणि काका त्याला सांगत होते, की प्लंबम म्हणजे लॅटिनमध्ये शिसं. रोमन लोकांचे नळ शिशाचे, म्हणून तू प्लंबर. प्लंबर म्हणाला, "काका, हा पीव्हीसीचा आहे. मेन कॉक कुठाय ते सांगा." ते काकांना ठाऊक नव्हतं.

दहीहंडीच्या दिवशी त्यांचा 'बॉबरी' बाहेर निघतो. शिवसेनेच्या आनंद दिघ्यांच्या वेळेपासून टेंभी नाक्याची हंडी मानाची. त्या दिवशी स्पीकरच्या भिंतींपुढे खिडकीची तावदानं थरथरतात. काका गॅलरीत कानांत कापूस घालून उभे राहतात आणि ओरडतात, "बॉबरी! बॉबरी!" बॉबरी म्हणजे गोंगाट, दंगा. आपल्या "बाप रे!" वरून साहेबाने उचललेला शब्द, असं यूलसाहेब लिहून गेलेत. खाली सातव्या थरावरचा पोरगा डगमगला की सगळा नाका एका आवाजात "बाप रे" म्हणतो. गॅलरीतून आणि रस्त्यावरून एकच शब्द निघतो. फक्त काकांचा शब्द विलायतेला जाऊन आलेला असतो.

घुशींचं प्रकरण तर फायलीत गेलं. मागच्या गटारातून घुशी येतात म्हणून सगळ्यांनी पालिकेकडे अर्ज केले. काकांचा अर्ज सर्वांत लांब. घुशीला इंग्रजीत बँडिकूट म्हणतात, तो तेलुगूतला पंदि-कोक्कु, अर्थात डुक्कर-उंदीर, हा पहिला परिच्छेद. दुसऱ्यात जॉर्डनस पाद्री. हा फ्रेंच धर्मोपदेशक १३२१ साली ठाण्यात होता. त्याचे चार सोबती इथेच मारले गेले. त्याने पुढे लिहिलेल्या पुस्तकात इकडच्या कोल्ह्याएवढ्या उंदरांचा उल्लेख आहे, आणि ते पुस्तक १८६३ साली इंग्रजीत आणलं ते आमच्या यूलसाहेबांनीच. तिसरा परिच्छेद एका वाक्याचा होता: 'सबब सदर तक्रार सुमारे सातशे वर्षांपासून प्रलंबित असून तातडीने कार्यवाही व्हावी.' कचेरीतल्या बाबूने पोच दिली आणि १३२१ च्या मूळ अर्जाची झेरॉक्स जोडायला सांगितली.

एका शब्दासाठी मात्र काका वर्षभर थांबतात. 'ॲप्रिसिटी', म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. १६२३ साली हेन्री कॉकरमने तो आपल्या कोशात टाकला आणि पुढे फारसा कोणी वापरला नाही. कोणी तरी वापरावा म्हणून काका जीव टाकतात. अडचण अशी, की ठाण्याला हिवाळा जानेवारीत चार दिवस येतो, तोही पहाटे. त्या चार दिवसांत काका कानटोपी घालून तलावपाळीच्या कट्ट्यावर पूर्वेकडे तोंड करून बसतात. यंदा नेमकं ऊन पडलं, नेमकी थंडी होती. काकांनी डोळे मिटून शेजारच्या निवृत्त ओव्हरसियरला म्हटलं, "अहाहा, ॲप्रिसिटी!" ते म्हणाले, "मला सोसली नाही. डॉक्टरांनी बदलून दिली."

काकूंचं माहेर अलिबागकडचं. त्यांच्या बोलण्यात फडताळ, शिंकाळं, वेळणी, ओगराळं असे शब्द येतात. यांतला एकही चोपडीत नाही, कारण इंग्रजांनी तो नेला नाही. परवा सत्यनारायण होता, तांदूळ बरेच धुवायचे होते. काकूंनी हुकूम सोडला, "माळ्यावरची रोवळी काढा." काका स्टुलावर चढले. पाच मिनिटांनी एक परात खाली आली. "ही नव्हे, रोवळी." मग एक चाळण आली. मग जुना पितळी डबा. मग काहीच आलं नाही. मी खालून स्टूल धरून होतो. वर बघितलं, तर काका माळ्याच्या कडेला कोपर टेकून मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून बसलेले. १८५७ च्या आवृत्तीचं ते पुनर्मुद्रण त्यांनी माळ्यावरच ठेवलं होतं, काकू रद्दीत घालतील म्हणून. कर्नलसाहेबांच्या कोशाखालोखाल त्यांची श्रद्धा या कॅप्टनसाहेबांवर. रोवळीचा अर्थ साहेबाच्या इंग्रजीत वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, तांदूळ धुवायची बांबूची टोपली! छान शब्द आहे! याचं मूळ..."

"मूळ राहू द्या," काकू म्हणाल्या. "तुम्ही तिच्यावरच कोपर टेकलंय. ती खाली द्या."