बंदी, शंभर ग्रॅम

1988 साली एका कादंबरीची आयात कस्टम्सच्या आदेशाने बंद झाली. 2019 मध्ये एक वाचक कोर्टात गेला. तो म्हणाला, आदेश दाखवा. कुणालाच सापडेना. शेवटी नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, की असा आदेश नाहीच असं धरावं लागेल. छत्तीस वर्षं ज्या कागदाचा धाक, तो कागद जागेवरच नव्हता.

हरवला कसला, रद्दीत गेला! दिल्लीत कपाटं उपसण्यापेक्षा आमच्या मंडईत शंभर ग्रॅम दाणे घेतले असते, तर पुडीत निघाला असता.

मंडईच्या पुडीत काय निघत नाही? दहावीचा भूगोल, कुणाचा तरी प्रबंध, गेल्या दिवाळीचा अंक, कादंबरीचं पान 47. छापील कागदात खायचे पदार्थ बांधू नयेत असा 2018चा नियम आहे. छापील कागदाबाबतची एवढी एकच बंदी शहाणपणाची, म्हणून ती कुणी पाळत नाही. आता दुसरा कायदा बघा. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातलं कालपर्यंतचं कलम 95, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यातलं कलम 98. सरकारच्या मनात आलं की पुस्तकाची देशातली प्रत्येक प्रत जप्त, आणि जिथे प्रत असल्याचा संशय, तिथे वॉरंट घेऊन शिरायचं. शिरणारा फौजदाराच्या खालचा चालत नाही. म्हणजे पुडी हवालदाराने सोडली तर बेकायदा! फौजदारसाहेबांनी जातीने यावं, दाणे टोपीत ओतावेत, पान 47 ताब्यात घ्यावं आणि पंचनामा लिहावा: खारे, भाजलेले, सालासकट. पंच म्हणून समोरच्या मेथीवाल्या मावशी. पान 48 पाठीलाच छापलेलं, त्यामुळे तेही आपोआप अटकेत. 49 मात्र शेजारच्या फुटाण्यांत फरार.

ज्यांच्या भावना दुखावल्या, ते सद्गृहस्थ तिथेच दाणे खात उभे असतात. पुस्तक वाचलंत का, असं विचारलं की म्हणतात, "असली घाण मी हातात धरत नाही." हातात पुडी.

हसून झालं असेल तर ऐका. 2004 साली आपल्या राज्यात एका इंग्रजी पुस्तकावर बंदी आली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. सहा वर्षं! आता तो निकाल खिशात घालून दुकानात जा आणि ते पुस्तक मागा. दुकानदार आधी रस्त्याकडे बघेल, मग तुमच्याकडे. कायद्याने मोकळं झालेलं पुस्तक भीतीने आतच राहतं, आणि भीतीविरुद्ध अपील करायला खंडपीठ नाही. वर आम्हालाच ऐकवायचं, मराठी माणूस वाचत नाही! कोण म्हणतं? तर हीच बंदीवाली मंडळी, 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या व्यासपीठावरून. ग्रंथपूजनाचा हार मंडईतूनच जातो. तोही घासाघीस करून.