स्टार्ट दाबा, म्हणजे बंद होईल

24 ऑगस्ट 1995 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 95 बाजारात आणली, तेव्हा जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्सच्या ‘स्टार्ट मी अप’ गाण्याचे हक्क घेतले होते. पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ असं बटण आलं आणि कॉम्प्युटर बंद करायचा असला तरी तेच दाबायचं, असं ठरलं. ‘चौकशी’च्या खिडकीवर ‘येथे चौकशी करू नये’ ही पाटी वाचत मोठ्या झालेल्या आपल्या गिऱ्हाइकाला यात काहीच वावगं वाटलं नाही.

आमच्या बेंगळुरूच्या इंदिरानगरात तिची धाकटी बहीण, विंडोज 98, एस. पी. रोडवरून ऑटोत बसून आली. तिथे सुटे भाग जुळवून ‘असेंबल्ड’ मशीन मिळे. विंडोज त्यात आधीच ‘टाकलेली’ असे आणि तिची पावती मागण्याचा असभ्यपणा कोणी करत नसे. दिवाणखान्यात डब्याची स्थापना होई, वर झालरीचं कव्हर. विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, सीएमएच रोडवरचा एकही सिग्नल कधी न तोडलेले मराठी आजोबा अमेरिकेतल्या नातवाला पत्र लिहायला बसत आणि अर्ध्यात चौकट उमटे : या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृत्य केलं आहे, तो बंद करण्यात येत आहे. आजोबा आधी खिडकीतून पोलिसांची गाडी आली का ते बघत. 2021 मध्ये एका जाहिरातीत राहुल द्रविड (तोही मराठी घरातलाच) ट्रॅफिकमध्ये गाडीतून वर येऊन आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचं ओरडला आणि सगळा देश हसला. आम्हाला त्यात नवीन काही दिसलं नाही. गुंडगिरीची पहिली नोंद आजोबांच्या नावावर केव्हाच झाली होती.

दुखणं तळघरात होतं. वर चकचकीत खिडक्या, खाली 1981 पासूनचा डॉस. जुने खेळ आणि जुने प्रिंटर रुसू नयेत म्हणून कंपनीने सोळा बिटांचा जुना माल हलवलाच नाही. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या मेमरीत हातपाय पसरले की दोघंही आडवे होत आणि पुष्कळदा सगळी यंत्रणाही सोबत नेत. मग निळा पडदा. एप्रिल 1998 मध्ये शिकागोत विंडोज 98 च्या प्रात्यक्षिकात, भर सभेत, खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, स्कॅनर जोडताक्षणी तो झळकला. म्हणूनच तर अजून विक्रीला काढलेली नाही, असं गेट्स हसून म्हणाले. दोन महिन्यांनी काढली.

वीज गेली तर आणखी मजा. ती परत आली की मशीन आधी डिस्क तपासायला घेई आणि वर समज देई : तुम्ही विंडोज नीट बंद केली नाहीत, हा संदेश पुन्हा नको असेल तर नेहमी स्टार्टमध्ये जाऊन शट डाउन करत चला. सूचना रास्तच होती, पण ती द्यायला हवी होती वीज खात्याला. दिलगिरी आजोबांनी व्यक्त करायची.

माझा लाडका दोष मात्र वेगळाच आहे. विंडोज चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद एका 32 बिटी मोजणीत साठवत असे. ही मोजणी 4,29,49,67,296 ला भरते, म्हणजे 49.7 दिवसांत. मग आकडा शून्यावर येई आणि मशीन हँग होऊ शके. 95 आणि 98, दोघींनाही हा आजार. तो जगाला कळायला 1999 उजाडावं लागलं, कारण तोवर ही विंडोज सलग पन्नास दिवस चालवण्याचा पराक्रम कोणाच्या हातून झालाच नसावा! मरणाची तारीख ठरलेली, पण तिथवर कोणी जगतच नाही.

आपल्या सरकारने विंडोज 95 वर बंदी घातली होती, हेही सांगायला हवं. कोसळण्याबद्दल नव्हे. वेळ निवडायच्या नकाशात काश्मीरचे आठ ठिपके हिरव्याच्या वेगळ्या छटेत रंगवले होते, त्याबद्दल. दोन लाख प्रती परत घ्याव्या लागल्या. ठिपके दुरुस्त झाले, बाकी सारं जसंच्या तसं परत आलं.

त्या काळी इंदिरानगरातला भाचा दिवसभर अमेरिकेतल्या बँकांच्या कोबोलमधली दोन आकडी सालं चार आकडी करी. रात्री एसटीडी स्वस्त झाली की सदाशिव पेठेतून मावशीचा फोन येई. “काय रे, तू कॉम्प्युटरमधला ना? मग माझा का हँग झालाय?” बेंगळुरूची सगळी विद्या पणाला लावून भाचा सांगे, “मावशी, बंद करून परत चालू कर.”

मावशीने फ्लॉपीवरून पाठवलेलं पत्र भाच्याकडे उघडलं की नुसत्या इंग्रजी अक्षरांची आणि टोपीवाल्या चिन्हांची रांगोळी. या विंडोजला देवनागरी येतच नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती दिली विंडोज 2000 मध्ये. तोवर श्री-लिपी, आकृती, आयएसएम या फाँटवाल्यांचं ज्याचं त्याचं राज्य, आणि एकाची मराठी दुसऱ्याला परकी. त्यातलं आकृती तर बेंगळुरूचंच. बेळगावच्या प्रश्नावरची जळजळीत पत्रकं त्यातच टाइप झाली असतील तर नवल नाही.

11 जुलै 2006 रोजी कंपनीने विंडोज 98 ची देखभाल थांबवली. भाच्याने मावशीला बजावलं, आता ही सुरक्षित नाही, निदान पासवर्ड तरी ठेव. मावशी म्हणाली, “ठेवलाय की, पहिल्या दिवसापासून. काय ठेवला ते आठवत नाही. ती चौकट आली की मी एस्केप दाबते. तुम्हाला शिकवलं नाही का रे तिकडे?”