सेकंदाला किती लाख?

घरात सध्या दोन पक्ष आहेत. लॅपटॉपचा पक्ष माझा. लॅपटॉप वयस्क, बिजागरीत कुरकुरणारा, पण घरंदाज. टॅबचा पक्ष भाच्याचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एकही विषय राहिला नाही, या आश्चर्याप्रीत्यर्थ ताईने त्याला तो घेऊन दिला. "मामा, हल्ली टॅबचा प्रोसेसर लॅपटॉपला पाणी पाजतो," हे वाक्य तो जेवताना, झोपताना आणि माझा लॅपटॉप सुरू होत असताना म्हणतो. शेवटचा मुहूर्त बराच लांबतो, त्यामुळे त्याला ते पुन:पुन्हा म्हणता येतं.

शेवटी मोजायचं ठरलं. पण कशाने? प्रोसेसरला गुण देणारी ॲप ढिगाने मिळतात, पण त्यांच्यावर माझा भरवसा नाही. 2013 साली काही बड्या मोबाइल कंपन्या रंगेहाथ सापडल्या होत्या. चाचणीचं ॲप उघडलंय असा सुगावा लागला की प्रोसेसरने जीव तोडून पळायचं, अशी सोयच त्यांनी फोनमध्ये करून ठेवली होती. पत्रकारांनी तेच ॲप नाव बदलून चालवलं, तर तोच फोन पुन्हा नेहमीच्या चालीवर आला.

म्हणून मी स्टॉकफिश सुचवलं. बुद्धिबळाचं हे इंजिन फुकट मिळतं, टॅबवर आणि लॅपटॉपवर सारखंच चालतं, आणि सोडलं तर प्रोसेसरचा थेंबन् थेंब पिळून घेतं. शिवाय सेकंदाला किती स्थिती तपासल्या, तो आकडा पडद्यावर सतत पळत असतो. भांडायला आकडा असला की बरं पडतं.

नियम ठरवण्यातच निम्मी संध्याकाळ गेली. आवृत्ती एकच, थ्रेड चार-चार, हॅश 256 एमबी. आणि स्थिती कोणती द्यायची? इथे मी माझं घोडं दामटलं. 1997, न्यूयॉर्क, कास्पारोव्ह विरुद्ध डीप ब्लू हा संगणक, सहावा आणि शेवटचा डाव. कास्पारोव्हने सातव्या खेळीला राजाच्या बाजूच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि डीप ब्लूने ई-6 घरावर घोडा झोकून दिला. एकोणीस खेळ्यांत जगज्जेत्याने डाव सोडला, सामनाही गेला. त्या घोड्याच्या आधीची स्थिती दोन्ही पडद्यांवर मांडली आणि इंजिनं सोडली.

टॅब सुटला तो थेट सेकंदाला पंधरा लाखांच्या वर. माझा लॅपटॉप सहा-सात लाखांवर धापा टाकत होता. भाच्याचा चेहरा बघवेना. तेवढ्यात मला चार्जर आठवला. बॅटरीवर असला की लॅपटॉप काटकसरीने वागतो. पिन खोचली आणि आकडा टुणकन वर गेला.

"हे चीटिंग आहे!"

"विजेचं बिल मी भरतो."

आता लॅपटॉपचा पंखा असा काही बोंबलायला लागला की आतून हिने टीव्हीचा आवाज वाढवला. टॅबला पंखाच नाही. तो मुकाट्याने तापत गेला, आणि काही मिनिटांत त्याचा आकडा दहा लाखांकडे उतरायला लागला. तापलं की वेग कमी करून जीव वाचवायचा, हे प्रोसेसरला शिकवलेलंच असतं. भाच्याने रविवारची पुरवणी घेऊन टॅबला वारा घालायला सुरुवात केली. बाहेरची मदत चालणार नाही, अशी हरकत मी नोंदवली.

"बरं, आठ थ्रेड करू. माझ्यात आठ कोअर आहेत."

केले. आकडा दुप्पट होणं सोडाच, जेमतेम हलला. टॅबमधले आठ कोअर सारखे नसतात, काही दांडगे आणि बाकीचे बॅटरी वाचवणारे किरकोळ. एआरएमने 2011 साली ही मांडणी जाहीर केली. लग्नघरातही भावंडं आठ दिसतात, पण गॅसच्या टाक्या उचलायला तेच दोघं पुढे येतात. बाकीचे अत्तर लावतात.

मग भाच्याने मूळ प्रश्न विचारला, "डीप ब्लू किती तपासायचा?"

सेकंदाला वीस कोटी. दीड टनाच्या आसपासचं धूड, आत बुद्धिबळासाठीच घडवलेल्या 480 चिप. आमची दोन्ही यंत्रं लाखांत रखडत होती, आणि तरीही त्या टॅबने डीप ब्लूला सहज लोळवलं असतं. स्टॉकफिश बहुतेक खेळ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, आणि 2020 पासून स्थितीची पारख करायला त्यात छोटं न्यूरल नेटवर्क बसवलंय. वर कहर म्हणजे तो घोडा! ज्या खेळीवर आम्ही दोन यंत्रं तापवत बसलो होतो, ती वीस कोटींच्या हिशेबातून निघालेलीच नव्हती. ती डीप ब्लूच्या ओपनिंग बुकात आयती होती.

हे ऐकून भाचा ॲपलवर घसरला. त्याचं म्हणणं खोटं नाही. एम1 चिप 2020 साली लॅपटॉपमध्ये आली आणि पुढच्या वर्षी तीच आयपॅड प्रोमध्ये बसली. 2024 साली तर एम4 आधी आयपॅडला मिळाली, मॅक मागून आले. त्यातही मॅकबुक एअरला पंखा नाहीच. पण एवढी ताकद घेऊन आमच्या घरात होतं काय? तो टॅबवर रील्स बघतो. मी लॅपटॉपवर सोसायटीच्या मेंटेनन्सचा तक्ता करतो, त्यातही निम्म्या रकान्यांत 'थकबाकी' एवढंच लिहायचं असतं.

तरी नवा लॅपटॉप बघायला आम्ही दोघं गेलोच. मी विक्रेत्याला विचारलं, "यावर दहा मिनिटं स्टॉकफिश चालवून बघू का? पहिल्या मिनिटाचा आकडा नको, दहाव्याचा हवाय."

त्याने माझ्याकडे, मग भाच्याकडे बघितलं. "सर, डेमो पीसवर काही डाउनलोड करता येत नाही. पण बॅग फ्री आहे."

मी काही बोलायच्या आत भाच्याने बॅगेची चेन उघडली होती आणि आत टॅबसाठी वेगळा कप्पा आहे का, ते तो बघत होता.