कापडी पिशवी शिवा, प्लास्टिकमध्ये भाजी आणा

महाराष्ट्रात २३ जून २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशवीला दंड आहे. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार रुपये, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि वर तीन महिने कैद. घाबरू नका. घरात शिलाई मशीन असेल, तर नवशिक्यालाही एका रविवारात पर्यावरणप्रेमी होता येतं. पुढच्या पायऱ्या तेवढ्या न चुकता पाळा.

१. कापड आणा. घरातली जुनी चादर, विटलेली साडी, कमरेत न बसणारी पॅन्ट यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. नवीकोरी अजरख घ्या, अस्तराचं कापड वेगळं घ्या. दुकानदार ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देईल. बिनधास्त घ्या, तुमची पिशवी अजून शिवून कुठे झालीय?

२. बेत मोठा ठेवा. साधी माणसं चार किलो कांदे-बटाटे मावतील एवढंच बघतात. तुम्ही आत दोन कप्पे, वर चेन आणि कडेला गोंडे लावा. मेथीच्या जुडीची माती लागेल म्हणून पिशवी बाहेर काढवेना, की डिझाइन जमलं समजा.

३. टीप घाला. पिशवीचा सगळा भार बंदांच्या जोडावर येतो, म्हणून जाणकार तिथे चौकोन शिवून मधे फुली मारतात. कंटाळवाणं काम आहे, कळतं मला. एकच टीप मारून मोकळे व्हा. भर मंडईत टोमॅटो घरंगळले, की चार लोक मदतीला धावतात. ओळखी वाढतात.

४. हिशेब करा. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये सांगितलं, की नव्या सुती कापडाची पिशवी सगळे परिणाम धरता प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ७,१०० वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा भाजी आणली, तर झाली अडुसष्ट वर्षं. एका पिशवीने हे व्हायचं नाही. आणखी दहा शिवा.

५. वाटा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून सगळ्यांच्या हातात एकेक पिशवी ठेवा. त्यांच्याकडे गेल्या वर्षीचा गठ्ठा तसाच पडून असेल, पण वाईट वाटून घेऊ नका. पुढच्या संक्रांतीला तुमचीच पिशवी तुम्हाला परत मिळेल.

६. जपून ठेवा. उरलेल्या सगळ्या पिशव्या एका पिशवीत कोंबा आणि ती दारामागच्या खुंटीला अडकवा. मग ऑफिसातून येताना रिकाम्या हाताने भाजी घ्या आणि पैसे देऊन झाल्यावर हळूच विचारा, "मावशी, पिशवी आहे का?" मावशी इकडे-तिकडे बघून गोणपाटाखालून एक काढतील.

७. तरीही मन खात असेल, तर दुकानातली रंगीत नॉनवोव्हन पिशवी विकत घ्या. असते पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. पण हाताला कापडासारखी लागते. मनाला तेवढं पुरतं.

आता धोक्याची सूचना. काही हट्टी लोक जुन्या चादरीची एकच बिनगोंड्याची पिशवी शिवतात, घडी करून रोजच्या बॅगेत टाकतात आणि विरेपर्यंत वापरतात. त्यांच्या पिशवीचा फोटो कोणी काढत नाही, वाण म्हणून ती कोणी घेत नाही. त्यांच्या नादी लागाल, तर वरच्या सातही पायऱ्या फुकट जातील.