गृहीत धरू या

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक प्रॉडक्ट मॅनेजर होऊ घातलेला तरुण राहतो. गेल्या दिवाळीपर्यंत दिवसा तो हिंजवडीत कोड लिहायचा आणि रात्री दहानंतर आरशासमोर उभा राहून अंध व्यक्तींसाठी गजराचं घड्याळ बनवायचा.

हा प्रॉडक्ट मॅनेजरच्या मुलाखतींमधला अगदी ठेवणीतला प्रश्न. गजर तर कानानं ऐकायचा असतो, मग साधं घड्याळ दिलं तर काय बिघडलं, असं तुमच्याआमच्या मनात येतं. म्हणूनच आपल्याला ती नोकरी मिळत नाही. उत्तर सरळ द्यायचं नाही, हा या विद्येचा पहिला धडा. आधी विचारायचं: दृष्टी जन्मतः नाही, की उतारवयात गेली? माणूस एकटा राहतो की कुटुंबात? आपल्याला घड्याळं खपवायची आहेत की लोकांना उठवायचंय? मग वापरणाऱ्यांचे गट पाडायचे, एक गट धरायचा, त्याच्या अडचणी मांडायच्या, तीन उपाय सुचवायचे (त्यातला एक अचाट हवा), फायदेतोटे तोलायचे आणि समारोप करायचा. लुईस लिन या लेखकानं या पायऱ्या 'सर्कल्स' या इंग्रजी शब्दाच्या सात अक्षरांत बसवून दिल्या आहेत. आमचा तरुण त्या आंघोळीच्या वेळी मोठ्यानं म्हणतो. नातू स्तोत्र शिकतोय, या समजुतीत आजी महिनाभर खूश होत्या.

पहिली फेरी एचआरची. सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. 90 दिवस म्हटलं की पलीकडचा आवाज गार पडतो. त्या फेरीत याहून जास्त काही नसतं.

मग येतं, 'तुम्हाला प्रॉडक्ट मॅनेजरच का व्हायचंय?' खरं उत्तर असं, की ऑफिसातल्या प्रॉडक्ट मॅनेजरला सर्व्हर कोसळला म्हणून रात्री दोनला कुणी उठवत नाही. ते सांगता येत नाही. म्हणून आमचा तरुण थेट 1931 सालात जातो. प्रॉक्टर अँड गँबलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी तेव्हा साहेबांना लिहून कळवलं, की प्रत्येक ब्रँडची सगळी जबाबदारी घेणारी माणसं नेमा. हा व्यवसाय तिथून सुरू झाला असं मानतात. पुढे मॅकेलरॉय अमेरिकेचे संरक्षणमंत्रीही झाले. हे सांगताना आमच्या तरुणाच्या आवाजात असा भाव असतो, की साबणापासून संरक्षणापर्यंतच्या वाटेवर त्याचंही पहिलं पाऊल पडलंच आहे.

पण त्याचा खरा जीव गेसटिमेटमध्ये, म्हणजे अंदाजानं आकडा काढण्यात. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, असा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ फर्मी विद्यार्थ्यांना घालत असत, असं सांगतात. पुण्यात त्याचं 'शहरात रोज किती वडापाव खपतात?' असं झालं. आमचा तरुण म्हणतो, "गृहीत धरू या, लोकसंख्या 60 लाख. लहान मुलं, पथ्यवाले आणि डाएटवाले वगळून उरले 40 लाख. त्यातला चारातला एक जण रोज एक खातो. म्हणजे 10 लाख."

त्याचे वडील एसटीच्या वाहतूक शाखेतून निवृत्त झालेले. आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या किती लागतील, याचा अंदाज बांधण्यात त्यांची नोकरी गेली. मागच्या वर्षाचा तिकिटांचा हिशेब, पेरण्या झाल्या का, पाऊस कसा आहे, एवढं पाहून ते आकडा सांगत. आकडा चुकला तर माणसं स्टँडवर रात्र काढत, त्यामुळे गृहीत धरायला फारसा वाव नव्हता.

"बेकरीवाल्यांना विचार ना," ते म्हणाले. "पावाच्या किती लाद्या जातात ते सांगतील."

"लाद्या मिसळीला आणि पावभाजीलाही जातात, बाबा."

"मग वडेवाल्याला विचार."

"विचारायचं नसतं! ते फक्त विचार कसा करतो ते बघतात."

वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. मला विचाराल तर मी त्यांच्या बाजूनं आहे, पण मला कुणी पॅनेलवर घेत नाही.

पुढची फेरी मेट्रिक्सची. अ‍ॅप वापरणारे अचानक 10 टक्क्यांनी घटले, कारण शोधा. इथं उत्तर माहीत असलं तरी खालून वर चढत यायचं. मोजण्यातच चूक नाही ना? घट एका दिवसात झाली की हळूहळू? सगळीकडे की एकाच भागात? सणासुदीची सुट्टी होती का? याचा सराव त्यानं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच केला. मेंटेनन्सची वसुली कमी झाल्याचं सेक्रेटरींनी सांगितलं, तसा तो उभा राहिला.

"घट सगळ्या विंग्जमध्ये आहे, की एखाद्याच?"

"एकाच. बी विंग."

"सगळ्या मजल्यांवर?"

"नाही. फक्त तिसऱ्यावर," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्हीच राहिलात."

शेवटी स्वभावाची फेरी. सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा प्रसंग सांगा, अपयशाचा सांगा, नेतृत्वाचा सांगा. यासाठी 'स्टार' पद्धत: परिस्थिती, कामगिरी, कृती, निष्पत्ती. आमच्या तरुणाकडे प्रसंग एकच होता, एका टेस्टरशी झालेलं भांडण. तेच तो गरजेप्रमाणे मतभेद, अपयश किंवा नेतृत्व म्हणून वाढायचा. अपयश सांगताना मात्र जपावं लागतं. ते इतपतच असावं, की ऐकणाऱ्याला कौतुक वाटेल. 'मी फार बारकाईनं काम करतो' हा दोष आता कुणीच घेत नाही.

एवढं करून गेल्या दिवाळीनंतर त्याला बाणेरच्या एका स्टार्टअपमध्ये नोकरी लागली. पेढे वाटले, लिंक्डइनवर बाराशे शब्द लिहिले. दुसऱ्याच आठवड्यात फाउंडरनं येता येता सांगितलं, "ते पैसे भरायचं बटण हिरवं करा." वापरणारा कोण, अडचण काय, मोजायचं काय, यातलं अक्षरही न विचारता यानं तिकीट टाकलं आणि बटण हिरवं झालं. रात्री फाउंडरच्या बायकोनं अ‍ॅप उघडून पाहिलं. सकाळी बटण परत निळं.

सध्या तो मोठ्या कंपनीत मुलाखती देतोय. भांडणाचा प्रसंग त्यानं निवृत्त केला आहे. नव्या प्रसंगात परिस्थिती अशी, की नेतृत्वाचा रंगाबद्दल ठाम आग्रह होता. कृती अशी, की त्यानं मर्यादित काळासाठी प्रयोग राबवला, एका महत्त्वाच्या महिला ग्राहकाचा अभिप्राय मिळवला आणि 24 तासांच्या आत निर्णय मागे घेण्याचं धैर्य दाखवलं. तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलाय म्हणे.